साठ वड्यांच्या खोक्यावरचे नाव

मी, कोकिळा दिनानाथ बारस्कर, वय ६९, धंदा साबण कारखाना, राहणार तळा, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने करत आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द वकिलांनी घातला आहे. मी ते संतापाने करत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. मृणाली भोस्तेकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात रक्तदाब वाढलेला दिसतो, त्याचे कारण कलम ३ मध्ये आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकणारे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले.

१. तळ्यातले राहते घर मुलगा अल्पेश व सून रुचिता यांना निम्मे निम्मे. रुचिताचे नाव मुद्दाम घातले आहे. माझे नाव या घराला लागायला आधी सासरे आणि मग यजमान जावे लागले. तिला तेवढे थांबवू नये.

२. दोन पाटल्या आणि मोहनमाळ नात सोनल हिला. बँकेतल्या ठेवीतून माझे दिवस साधेपणाने करावेत, उरेल ते तिच्या शिक्षणाला. दिवसांच्या जेवणात नणंद सुचिताबाईंनी आमटी पातळ म्हणून तोंड वाकडे केले, तर त्यांची समजूत काढायला कोणी जाऊ नये. चाळीस वर्षे मी जात होते, पुरे झाले.

३. हे मृत्युपत्र करण्याचे कारण असे. गेल्या दिवाळीत अल्पेशने नवे खोके छापून आणले. वर त्याच्या वडिलांचा फेट्यातला फोटो आणि खाली मजकूर : ‘कै. दिनानाथ बारस्कर यांची खास रचना. साठ वड्या, एकही तुटणार नाही.’ मी विचारले, “ही रचना बाबांची, हे तुला कोणी सांगितलं?” तर म्हणाला, “आई, सगळ्या तालुक्याला माहितेय. व्यापाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं नव्हतं का?”

दिले होते. पुढच्या रांगेत बसून मी टाळ्याही वाजवल्या होत्या. तरी लिहून ठेवते की ती रचना दिनानाथ बारस्कर यांची नाही. त्या माणसाने आयुष्यात एक खोका भरला नाही. ती कोणाची, हे या कागदाने कायमचे ठरावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

४. १९९६ सालापर्यंत आमच्या माणगावच्या शेडमध्ये धुण्याच्या साबणाच्या वड्या आडव्या, एकीवर एक अशा भरत. एका खोक्यात अठ्ठेचाळीस. खालच्या थरावर वरच्यांचा भार, आणि वर तीन बोटे रिकामी जागा, तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे. टेम्पो म्हसळ्याच्या वळणांवरून हरिहरेश्वरला पोचेपर्यंत प्रत्येक खोक्यात पाच-सात वड्यांचे तुकडे होत. दुकानदार खोके जसेच्या तसे परत पाठवत. यजमान तो खोका माझ्यापुढे आपटत आणि म्हणत, “बायकांचे हात, दुसरं काय!” खोक्यातली रिकामी जागा त्यांना कधी दिसली नाही.

त्या पावसाळ्यात त्यांना कोणातरी एकीचे नाव हवे होते. मी दिले. भरायच्या टेबलावर रहाटाडची येसूबाई पाशिलकर होती. सगळ्या बायकांसमोर मी तिला म्हणाले, “तुझ्या हातांना फोडायची सवय आहे. उद्यापासून येऊ नकोस.” ती रडली नाही की भांडली नाही. हात पुसत म्हणाली, “वैनी, कौलां कोन आडवी भरतं का? ट्रकात उभीच लावतात, खेटून. वड्याबी उभ्या लावा, हालनार न्हाईत.” तिचा बाप कौलांच्या गाड्या भरायचा, तिला ते ठाऊक होते. मी म्हणाले, “मला शिकवू नकोस. जा.”

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी वड्या उभ्या लावून पाहिल्या. एकमेकींना खेटून, दोन थरांमध्ये पुठ्ठा, वर करंगळीएवढीही फट नाही. त्याच खोक्यात साठ बसल्या. खोका कानाशी धरून हलवला, आवाज नाही. पुढच्या फेरीला हरिहरेश्वरहून एकही तुकडा परत आला नाही.

मी यजमानांना सांगितले, युक्ती मला सुचली. त्यांनी बाजाराला सांगितले, त्यांना सुचली. पंचवीस वर्षे मी जळत राहिले की माझी वस्तू या माणसाने लाटली. ती मी आधी दुसरीची लाटली होती, हे मला आठवायचेच नव्हते.

५. येसूबाईला त्यानंतर कोणी भरणीचे काम दिले नाही. ‘फोड्या हातांची’ हे नाव माझ्या शेडमधून निघाले आणि तिच्या आधी तिच्या गावात पोचले. लग्नघरी तिला लोणच्याची बरणी उचलू देत नसत. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले आणि काय हवे ते माग म्हणाले. ती म्हणाली, “मना काय नको, वैनी. माझ्या हातांना बोललाव, तेवढां मागं घ्या.” मी तिथेच अंगणात मागे घेतले. तर म्हणाली, “हितं कोन हाय ऐकाया? चार जनींत बोललाव, चार जनींत घ्या.”

६. शेड, यंत्रे आणि टेम्पो अल्पेशला, पण पुढील अटींवर. वडिलांचा फोटो भिंतीवर लावावा, खोक्यावर नको. खोक्यावर ‘रचना : येसूबाई पाशिलकर, रहाटाड’ असे ठळक छापावे. त्या रचनेचा जो काही हक्क असेल तो तिचा व तिच्या वारसांचा. ऑनलाइन मागणीसाठी त्याने जे मोठे खोके आणले आहेत, ज्यांत साबण कमी आणि हवा जास्त, ते बंद करावेत. गिऱ्हाइकाला मोठे दिसते म्हणे! त्याच्या वडिलांना पण मोठे दिसायची हौस होती. माझ्यामागे सहा महिन्यांत अटी पाळल्या नाहीत, तर शेड तिथे काम करणाऱ्या बायकांच्या बचतगटाची होईल. अंमलबजावणी अ‍ॅड. विपुल शिगवण यांनी करावी.

७. हे कलम मी मेल्यावर उघडायचे नाही. मेल्यावर माफी मागायची म्हणजे तिला आणखी थांबवायचे. म्हणून हे मृत्युपत्र वकिलांच्या कचेरीत न करता शेडमध्ये, भरायच्या टेबलाशी, कामावरच्या सतरा बायकांसमोर मी स्वतः मोठ्याने वाचून सही करत आहे. अल्पेश हजर आहे. येसूबाई हजर आहे, तिला खुर्ची दिली आहे.

येसूबाई, तुझ्या हातांना मी जे बोलले ते मागे घेते. तुझ्या हातून एकही वडी फुटली नव्हती. खोका चुकीचा होता, तीन बोटे उंच होता, आणि त्याचे माप छापखान्याला मी दिले होते. तुला काढले त्या दिवशी हे मला माहीत होते.

ठिकाण : माणगाव
तारीख : २० जानेवारी २०२५

सही : कोकिळा दिनानाथ बारस्कर

साक्षीदार :
१. डॉ. मृणाली भोस्तेकर, माणगाव
२. कुलदीप मांडवकर, टेम्पोचालक, म्हसळा

(ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकील म्हणाले. म्हणून येसूबाईची सही घेतलेली नाही.)