विलायती गाडी आणि हाराची सुतळी

मी, रुपराव गणपतराव भोयर, वय अडुसष्ट वर्षे, धंदा लेथ-वर्कशॉप, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. मे महिन्यात छातीत कळ आली होती, ती आता बरी आहे. डॉक्टरांनी जिना, मीठ आणि राग वर्ज्य सांगितला असून त्यातले पहिले दोन मी पाळतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी सौ. प्रेमलता हिने "एकदाचं लिहून काढा" असे तीनदा म्हटले, पण त्याला दडपण म्हणता येणार नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था पुढे लिहितो त्याप्रमाणे व्हावी.

कलम १. सक्करदऱ्याचे घर प्रेमलताच्या हयातीत तिचे. तिच्यानंतर मुलगा ओमप्रकाश आणि मुलगी जयवंता यांचे निमेनिम. घराच्या उत्तरेकडे गाडीसाठी बांधलेली खोली आहे. प्रेमलताला तिथे तिखट-हळदीचे डबे आणि गव्हाच्या कोठ्या ठेवायच्या होत्या. पंधरा वर्षे तिने हे दर उन्हाळ्यात बोलून दाखवले आणि पंधरा वर्षे मी ऐकले नाही. गाडी तिथून हलली तर खोली तिची.

कलम २. बँकेतली शिल्लक असेल ती प्रेमलता आणि ओमप्रकाश यांनी अर्धी अर्धी घ्यावी. ओमप्रकाश भिलाईला चांगल्या नोकरीवर आहे. त्याने मागच्या दिवाळीला पत्र लिहिले होते, की गाडी भंगारात द्या, निदान पत्र्याचे पैसे येतील. त्या पत्राला मी उत्तर दिले नव्हते. उत्तर असे, की नाही.

कलम ३. वर्कशॉपमधला मोठा लेथ, ड्रिल मशीन आणि सगळी हत्यारे नत्थू बावणे याला द्यावीत. तो एकतीस वर्षे माझ्या हाताखाली आहे आणि त्यातली वीस वर्षे माझ्यापेक्षा चांगले काम करतो. हे मी त्याला कधी सांगितले नाही, कारण मग तो सुट्टी जास्त मागेल. अट एवढीच, की भिंतीवर रंगाने लिहिलेली पाटी पुसू नये: "दसऱ्याचा हार फिरत्या यंत्राजवळ बांधू नये. मालक." या पाटीबद्दल पुढे पाचव्या कलमात येईल. मायक्रोमीटर मात्र नत्थूला नाही, जयवंताला.

कलम ४. माझे मेहुणे श्री. महादेवराव यांनी १९६४ साली माझा जॅक दोन दिवसांसाठी नेला. तो त्यांनाच ठेवावा. माझ्या वारसांनी मागू नये, मागितला तरी मिळणार नाही.

कलम ५. आता गाडी.

गाडी विलायती बनावटीची, १९५५ सालची, चार दारांची. पण साधी घरगुती गाडी नव्हे. इंजिन शर्यतीच्या जातीचे, दोन कार्बोरेटर, बसकी ठेवण, चामड्याच्या सीटा, रंग काळपट हिरवा. कन्हानकडच्या एका खाणीचा साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा त्याच्याकडून १९६४ साली घेतली. कंपनीचे नाव लिहीत नाही. खाली तिच्या खोडी लिहायच्या आहेत, आणि मेल्यावर कोर्टकचेरी नको.

जो कोणी ही गाडी सांभाळेल त्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन कार्बोरेटर दोन जावांसारखे आहेत, एकीचे मन राखले की दुसरी फुगते. रबरी नळी कानाला लावून दोन्हींचा आवाज सारखा करावा लागतो, आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. पेट्रोलचा पंप विजेचा आहे. तो टिकटिक थांबला की डिकीतून जोडा काढून पंपाला एक हाणावी. डाव्या पायाचा जोडा त्यासाठीच ठेवला आहे. एप्रिल ते जून दुपारी गाडी काढू नये, काढलीच तर पंपावर ओले फडके गुंडाळावे, नाहीतर पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर चौकात उभी राहते. तेल खाली गळते. ते गळणारच, पत्र्याचा ट्रे ठेवावा. ट्रे कोरडा दिसला तर आनंद मानू नये, इंजिनातले तेल संपले असे समजावे. सायलेन्सर फार खाली आहे, गावच्या रस्त्यावर दगडाला लागतो, वर्षातून एकदा वेल्डिंग धरून चालावे. शहरात लिटरला पाच किलोमीटर, रामटेकच्या रस्त्याला सात. घेतली तेव्हा पेट्रोल स्वस्त होते, आज घरातले लोक गाडी सुरू केल्याचा आवाज आला तरी माझ्याकडे पाहतात. पार्ट मुंबईहून मागवावे लागतात आणि येतात ते दुसऱ्याच मॉडेलचे. म्हणून निम्मे पार्ट मी लेथवर स्वतः केले आहेत. एवढे करून ती चालली, की बसलेला माणूस उतरायला तयार होत नाही.

आणखी दोन खोडी होत्या. पाण्याच्या गरमीचा काटा मधोमध अडकलेला होता, इंजिन थंड असो की उकळो, तो जागचा हलत नसे. आणि डायनामोचा लाल दिवा जळालेला होता. दोन्ही मला माहीत होते. मी वासावरून आणि आवाजावरून समजून घेत असे, म्हणून दुरुस्त केले नव्हते. आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देताना सांगितलेही नाही. हे वाक्य लिहायला मला तेरा वर्षे लागली.

१९६६ साली जयवंता एकोणीस वर्षांची होती. वर्कशॉपमध्ये ती शाळेपासून यायची. कार्बोरेटरचा आवाज जुळवावा तर तिनेच. माझा कान चुकायचा, तिचा नाही. गाडी मीच तिला शिकवली, लायसन मीच काढून दिले. वर्कशॉप पुढे तिच्या हाती द्यावे असे माझ्या मनात होते, पण ते मनातच होते.

दसऱ्याला मी लेथची पूजा केली, मग गाडीची. झेंडूचा हार मोठा होता आणि पुढची जाळी नाजूक, म्हणून सुतळी बॉनेटच्या आत नेऊन रेडिएटरच्या दांडीला बांधली. वर हातभर टोक उरले, ते तसेच सोडले. आमच्याकडे दसऱ्याचा हार हाताने काढत नाहीत, सुकून आपोआप पडू देतात. म्हणून दुसऱ्या दिवशीही तो तसाच होता.

दुसऱ्या दिवशी एकादशी. प्रेमलताला रामाच्या दर्शनाला रामटेकला जायचे होते. गाडी जयवंताने चालवली, मागे प्रेमलता आणि महादेवराव. मनसरच्या अलीकडे तुळसाबाईंच्या चहाच्या दुकानापुढे बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन जाम झाले. ट्रकवाल्याच्या हाती निरोप आला. मी नत्थूला घेऊन पोचलो तेव्हा प्रेमलता उपाशी पोटी तीन तास उन्हात बसलेली होती. मी बॉनेटही उघडले नाही. सगळ्यांच्या देखत पोरीवर ओरडलो.

"डोये फुटले होते काय? काटा काहून नाही पाह्यला?"

ती म्हणाली, "बाबा, काटा मधातच होता. मी पाहूनच राहिली होती."

"खोटं बोलतं वरून! बाईच्या हाती मशीन देली अन् माह्या हातानं माहं नुकसान करून घेतलं!"

महादेवराव हसले. तुळसाबाईंनी चहाचे भांडे खाली ठेवले. जयवंताने किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही देल्याशिवाय आता मी चाबीले हात लावणार नाही." आवाज चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानेच इंजिन उघडले. हेड तडकले होते. पंख्याच्या पुलीवर सुतळी गुंडाळलेली होती, तिच्यात झेंडूच्या पाकळ्या. सुतळीने पट्टा पाडला होता, पट्टा पडल्यावर पाण्याचा पंप आणि डायनामो दोन्ही थांबले. लाल दिव्याने ते सांगायला हवे होते, तो जळालेला. काट्याने सांगायला हवे होते, तो अडकलेला. पोरीने काहीएक चूक केली नव्हती. ती खरे बोलली होती.

मी सुतळी चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवली. नत्थू आला तेव्हा म्हणालो, पट्टा जुना होता. पुढच्या आठवड्यात भिंतीवर ती पाटी लिहिली. सगळ्या नागपुरातून लोक माझ्याकडे बिघाड विचारायला येतात आणि माझी गाडी माझ्याच हाराने बंद पडली, हे तोंडातून निघेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता जयवंताचे वर्कशॉपमध्ये येणे थांबले, मग कॉलेज झाले, मग लग्न. ती कामठीला शाळेत गणित शिकवते. माहेरी येते ती बसने.

यंदा मे महिन्यात माझ्या छातीत कळ आली तेव्हा ती सुट्टीला आलेली होती. भर दुपार. गाडी खोलीत उभी, दर रविवारी सुरू करून ठेवलेली. किल्ली खिळ्यावर. जयवंताने एकदा किल्लीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी डोळे मिटून घेतले. ती अनवाणी चौकापर्यंत धावली आणि सायकलरिक्षा घेऊन आली. दवाखान्यापर्यंत माझे डोके तिच्या मांडीवर होते आणि पदराने ती मला सावली करत होती. मला बोलता येत होते. मी बोललो नाही. आयुष्यात मला कशाची लाज वाटत असेल तर त्या अर्ध्या तासाची.

तरी सदर गाडी, तिचे कागद, जोडा, रबरी नळी व चुन्याची डबी यांसह, माझ्या पश्चात जयवंता हिची. काटा आणि लाल दिवा मी या ऑगस्टमध्ये नीट केले आहेत. ओमप्रकाश किंवा कोणीही हरकत घेऊ नये.

कलम ६. माझ्या तेराव्यानंतर हे पाचवे कलम तुळसाबाईंच्या दुकानी मोठ्याने वाचावे. प्रेमलता, महादेवराव आणि नत्थू यांना तिथे न्यावे. ज्यांनी तेव्हा ऐकले त्यांनीच हेही ऐकले पाहिजे.

इथवर लिहून मी कागद शेजारी श्री. मारोतराव नखाते, निवृत्त हेडमास्तर, यांना तपासायला दिले. त्यांनी चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि चष्मा काढला.

"रुपराव, पोरीले बोलले जित्तेपणी, अन् माफी मेल्यावर मांगता काय गा?"

मला राग आला. डॉक्टरांना सांगू नये. पण रात्रभर विचार करून कलम ६ मी याद्वारे रद्द करतो, आणि त्याऐवजी काय झाले ते लिहितो.

काल दसरा झाला. सोने वाटून झाल्यावर मी किल्ली खिळ्यावरून काढली आणि जयवंताच्या हातात दिली. म्हणालो, "उद्या रामटेकले तू घेऊन चाल." तिने किल्ली मुठीत धरली. मग आत गेली, पर्स आणली आणि त्यातून लायसन काढून माझ्यापुढे धरले. मी चष्मा लावून पाहिले. मुदत चालू होती. तेरा वर्षे, दर मुदतीला जाऊन तिने ते वाढवून घेतले होते. गाडीला हात न लावता.

"काहून वं?" मी विचारले.

"कधी ना कधी चाबी द्याल, असं वाटून राह्यलं होतं," ती म्हणाली. मला रडू आले, तेही लिहून ठेवतो.

गाडीला हार या वर्षी घातला नाही, नुसते कुंकू लावले. आज सकाळी निघालो. पुढे ती आणि मी, मागे प्रेमलता, मारोतराव आणि महादेवराव. नत्थू त्याच्या सायकलवर कालच मनसरला त्याच्या बहिणीकडे गेला होता, तो तिथून तुळसाबाईंच्या दुकानी आला. चौथ्या कलमाची बातमी मारोतरावांच्या तोंडून फुटली असावी, कारण महादेवराव जॅक घेऊन आले. म्हणून कलम ४ सुद्धा रद्द.

कन्हानचा पूल ओलांडून बरेच पुढे आल्यावर जयवंता म्हणाली, "बाबा, काटा चढून राहिला." आणि मी काही बोलायच्या आत तिने गाडी कडेला घेऊन बंद केली. तुळसाबाईंचे दुकान समोरच शंभर पावलांवर होते. पाण्याची नळी सैल झाली होती, एवढेच. इंजिनाला काही झाले नाही. तिने काटा पाहिला आणि वेळेवर थांबली.

दुकानात सगळ्यांसमोर मी उभा राहिलो. लिहिलेले वाचणार होतो, पण वाचले नाही. म्हणालो, "तुळसाबाई, तेरा वर्षांआधी मी इथं पोरीले जे बोललो ते खोटं होतं. गाडी माह्या सुतळीनं बंद पडली. काटा खराब होता, मले माहीत होतं. चूक माही होती."

महादेवराव या वेळी हसले नाहीत. तुळसाबाई म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं, भाऊ. ज्याची चूक राहते तो भांडते. हे पोरगी त भांडलीच नाही."

मी खिशातून चुन्याची डबी काढून जयवंताला दिली. तिने ती उघडली. सुतळी बोटाला गुंडाळून पाहिली आणि म्हणाली, "गाठ तुमचीच हाये." मग डबी पर्समध्ये ठेवून गाडीकडे गेली. इंजिन थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे टोपण उघडू नको, असे मी ओरडून सांगणार होतो. पण ती बॉनेट वर करून, हाताची घडी घालून, थांबलेलीच होती.

त्यामुळे कलम ५ मध्ये 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडले आहेत. गाडी आजपासून तिची. बाकीची कलमे कायम. हा शेवटचा मजकूर चहाच्या बाकावर बसून लिहिला आहे, अक्षर वाकडे आहे ते बाकामुळे. सही खाली नमूद दोन साक्षीदारांसमक्ष करतो. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, चहाचे पैसे वेगळे.

स्थळ: मनसरच्या अलीकडे, रामटेक रस्ता, जिल्हा नागपूर
मिती: आश्विन शुद्ध एकादशी, शके १९०१, सन १९७९

(सही) रुपराव गणपतराव भोयर

साक्षीदार १: (सही) मारोतराव नखाते, निवृत्त हेडमास्तर, सक्करदरा. शेवटचा मजकूर माझ्यासमोर लिहिला व सही केली. शुद्धलेखन शेवटच्या पानाचे तपासलेले नाही.

साक्षीदार २: तुळसाबाई, चहाचे दुकान, मनसर रस्ता. निशाणी डावा अंगठा. मजकूर वाचून दाखवला. त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच शब्दांत लिहिले: "मी दोन्ही खेपेले हजर होती."