एक मेच्या आत

१७ एप्रिल
दोन्हीकडून होकार आलाय, आणि घरात सुतकी शांतता! एक सॅन दिएगोचं विद्यापीठ – सलग चार वर्षं, घरापासून आठ तास. दुसरं इथलंच, सलिनासचं दोन वर्षांचं कॉलेज – घरी राहून दोन वर्षं, मग उरलेली दोन विद्यापीठात बदली घेऊन. एक मेच्या रात्री बाराच्या आत कळवायचंय. आईला विचारलं तर ती राजमा ढवळतच राहिली. "बघ बाई, तुझं तू."
तुझं तू काय? भाजी कुठली करू विचारलं होतं का मी?

१९ एप्रिल
शाळेतल्या सल्लागार हॅलोरनबाई म्हणतात, "इथं दोन वर्षं नीट गुण राखलेस की बदली होतेच. त्यात कमीपणा कसला?" बाहेर आले तर वर्गातली अनाही टपलेलीच. "बदली होतेच? मग तुमची नेरेइदाताई पाचव्या वर्षीही इथंच कशी गं?"
ताई, माझी चुलतबहीण, इथल्या कॉलेजात दोन वर्षांसाठीच गेली होती. मग नोकरी लागली, मग बाळ झालं, आता सहामाहीला एकच विषय. विचारलं की म्हणते, "पुढच्या वर्षी नक्की!"
अनाहीच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. खरं बोलली म्हणून.

२२ एप्रिल
पप्पा युमाहून आले. तिथला लेट्यूसचा हंगाम संपला, आता इथला सुरू. जेवताना विषय काढला.
"आठ तास? आणि पोरीला ताप आला तर?"
"गप जेवा," आई.
मला वेगळाच घोर. आईचं मनगट सुजलंय, मळ्यात सुरी चालवून चालवून. डॉक्टर बोलतो इंग्रजीत, तिला कळतं माझ्या तोंडून, स्पॅनिशमधून. पप्पांचं इंग्रजी म्हणजे 'येस' आणि 'थँक्यू'. त्यातून निम्मं वर्ष ते युमाला. मी गेले तर हिचं कोण?

२३ एप्रिल
ठरत नाही.

२६ एप्रिल
ठरवलं. इथलंच. आई तॉर्तिया भाजत होती, तिला सांगितलं, "मी इथल्या कोलेहियोत जाते."
ती रडायलाच लागली! मला वाटलं आनंदानं. मिठी मारायला गेले तर हात झटकला.
"खरं सांग. नापास झालीस ना? लपवतेस आमच्यापासून?"
"कोण नापास?" पप्पा ताडकन उठले.
सगळे एकदम ओरडत होतो. मग कुठे उलगडा झाला. मिचोआकानात, आईच्या गावी, कोलेहियो म्हणजे शाळा! गणवेश घालून पोरं जातात ती! आणि मी अतिशहाणी, इंग्रजी कॉलेजचं स्पॅनिश करून दहा दिवस घरात 'कोलेहियो, कोलेहियो' करतेय. आईला वाटलं, विद्यापीठानं पोरीला परत शाळेत बसायला सांगितलंय. म्हणून तोंडाला कुलूप!
मी हसत सुटले. ती नाही हसली.
"आई, ते मोठ्यांचंच असतं. चांगलं असतं."
"तुला जायचंय तिथं?"
'हो' म्हणायचं होतं. मान मात्र आडवी हलली.
"मग कशाला?"
"तुझ्याबरोबर डॉक्टरकडे कोण येणार?" बोलून गेले!
तव्यावरची तॉर्तिया करपली. कुणी उलटली नाही.
"म्हणजे माझ्यापायी," आई म्हणाली. "दुभाषी पाहिजे म्हणून जन्म दिला होय मी तुला?"

२७ एप्रिल
बोलत नाही माझ्याशी. ताट मात्र वाढते.

२९ एप्रिल
आई कामावरून फार उशिरा आली. कुठं होतीस विचारलं तर "होतं काम." पप्पांनाही पत्ता नाही. "तुझ्या आईला बावीस वर्षं ओळखतो, अशी कधी वागली नाही," म्हणाले. सगळं माझ्यामुळेच झाल्यासारखं माझ्याकडे बघत होते.
चिडलेय मी. तिच्यासाठीच राहतेय ना? मग हा राग कसला? इकडे आड तिकडे विहीर!

१ मे
संध्याकाळी आई चर्चला घालते तो ब्लाउज घालून गाडीत येऊन बसली. "कोलेहियोत सोड." तिथं मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग असतो. परवा एकटीच जाऊन नाव घालून आली!
"शाळा माझी राहिलीय, तुझी नाही," उतरताना म्हणाली. "इथं मी जाते. तू तिकडे कळव."
कळवलं. गाडीत बसूनच. येते म्हणून.
आईचा वर्ग आठला सुटतो. थांबलेय.