मास्टर पीस आणि निळा टॅब

२ जून, सोमवार. सकाळी ८.४०
महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत निळा टॅब आला. त्यातलं एआय ॲप कामगारांचं इंग्रजी ऐकून शंभरपैकी मार्क देतं. मी इथली इंग्रजीची ट्रेनर, पण शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं. यंत्राची भीती नाही. एचआरचे उद्धवराव म्हणाले, "दीक्षा मॅडम, पंधरा दिवस तुम्ही आणि ॲप मिळून शिकवा. मग बघू, दोघं लागतात का."
मनगटावरच्या घड्याळात नाडी ९६. जिन्यामुळे. ऑफिस तळमजल्यावर आहे, पण दारात दोन पायऱ्या आहेत.

३ जून
पहिली बॅच. खंडूभाऊ बावीस वर्षं तपासणी विभागात. टॅब उलटा करून कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकता तपासल्याचा, स्टिकर शोधत होते. "मॅडम, आमी साधा गेजबी मास्टर पीस लावल्याबिगर वापरत न्हाई. माप ठाऊक असलेला पीस आधी लावायचा, मग गेजवर इस्वास. ह्याचा मास्टर कुठं हाय?"
असेंब्ली लाइनवरची परवीन म्हणाली, "भाऊ, मास्टर समोर उभी आहे की!"
सगळे हसले. मीही. ठरलं: शनिवारी उद्धवरावांसमोर आधी माझं इंग्रजी मोजायचं. आजच करणार होते, पण बॅटरी कमी होती. ८८ टक्के.

४ जून
संकल्प: टॅब घरी नेऊन रोज अर्धा तास सराव. दिघीला घरी, हॉलमध्ये: ५८. शेजारचा कुकर.

५ जून
बाथरूममध्ये ५७. आवाज घुमतो. गोधडीत ५४. घाम.
निष्कर्ष: ॲप सदोष. पुरावा: मी.
वर्गात परवीनला ७२ मिळाले. चांगले आहेत का, असं तिने विचारलं. ठीक आहेत म्हटलं.

६ जून
दुसऱ्या एआयकडून नऊ वाक्यांत माझी ओळख लिहून घेतली. पाठ केली. हे भीतीपोटी नाही, याला प्रोसेस कंट्रोल म्हणतात. भाजीत मीठ घातलंस का, असं आईने विचारलं. मी सहावं वाक्य म्हटलं.

७ जून, शनिवार
नऊ वाक्यं एकोणचाळीस सेकंदांत संपली. मग ॲपने इंग्रजीत विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? हे पाठात नव्हतं. "नथिंग," म्हणाले. नाडी १३१. मार्क ४९.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उद्धवरावांनी पेनाचं टोपण काढलं.
तेवढ्यात खंडूभाऊंनी खिशातून लाल टॅग काढून टॅबला बांधला. "मास्टर चुकत न्हाई, साहेब. गेज रिजेक्ट."
"म्हणजे माझे बहात्तर पण गेले?" परवीनने विचारलं.
"गेले," खंडूभाऊ म्हणाले.
ती माझ्याकडे बघत राहिली. मी फळा पुसला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.
टॅब परत जाणार. नोकरी शाबूत. मला पहिल्यापासून खात्री होती.

९ जून
खंडूभाऊंनी उद्धवरावांना आठवण करून दिली की मास्टर पीसलाही बाहेरच्या लॅबचं सर्टिफिकेट लागतं, ऑडिटवाले आधी तेच मागतात. उद्धवरावांना पटलं. माझं इंग्रजीचं सर्टिफिकेट शुक्रवारपर्यंत हवं, नाहीतर मलाही लाल टॅग. "घाबरू नका मॅडम, तुमी तर मास्टर हाय," खंडूभाऊ मायेने म्हणाले. घाबरलेलं कोण आहे?

११ जून. सकाळी ११.२०
निगडी, परीक्षा केंद्र. परीक्षक माणूस असेल असं मी गृहीत धरलं होतं. दार अर्धं उघडं आहे. आत टेबल, एक मुलगी आणि निळा टॅब. तो तिला विचारतोय, तुम्हाला कशाची भीती वाटते.
पुढचा नंबर माझा. घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं.
नाडी: नोंद नाही.