लेंग्याबद्दलची शंका

बॉन, १६ मे २०२५

प्रिय सुलेखा,

तब्येत उत्तम, गोळ्या वेळेवर, मफलर सोडलेला नाही. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मधेच बोलतेस.

आपली सून काल गणितात डॉक्टर झाली. भिशीत मात्र 'मुक्ता फ्लॅट कनेक्शनवर काम करते' एवढंच सांगू नकोस. मागे त्यावरून वैद्यवहिनींनी गॅसजोडणीची चौकशी केली होती.

बाबांनी भर सभेत लाज काढली, हे उत्कर्षने तुला कळवलंच असेल. आता माझं ऐक.

चिरंजीव आठवडाभर इंगोलश्टाटच्या नोकरीवर, त्यामुळे मुक्ता प्रबंधाच्या भाषणाची तालीम माझ्यासमोर करायची. मला कळावं म्हणून एकदा तिने वाळत घातलेला माझा लेंगाच टेबलावर पसरला.

"बाबा, ह्याला तीन तोंडं. कंबर आणि दोन पाय. कापडावर कुठेही छोटी चक्कर मारलीत तर होतात तसेच परत येता. हे फ्लॅट. पण एखाद्या तोंडाभोवती फिरलात तर थोडे वळून परत येता. अशा सगळ्या शक्यता एकत्र केल्या की त्यांचा पानापानांचा गठ्ठा होतो. तिन्ही तोंडांशी किती वळायचं ते ठरवलं, की एक पान हातात येतं. माझं मोजमाप त्या पानावरच चालतं."

मला निम्मं कळलं. लेंग्याला इस्त्री मात्र पुन्हा करावी लागली.

काल ती छानच बोलली. मग एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "हे मोजमाप मधेच शून्य होणार नाही कशावरून?" मुक्ता खडू धरून उभी. उत्तर येईना. उत्कर्ष स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

मी उभा राहिलो. "अहो, तिथे सोसायटीच्या मीटिंगसारखे प्रश्न विचारू नका," असं तू बजावलं होतंस. आठवत होतं. तरी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मुक्ता, लेंग्याच्या तिन्ही तोंडांना नाडी बांधली नाही, तर काय होईल?"

सगळी सभा वळून बघायला लागली. "बाबा, खाली बसा!" इति उत्कर्ष.

मुक्ता दचकली, मग खो खो हसत सुटली. हसता हसताच फळ्यावर तीन वर्तुळं काढली. "तोंडांशी वळण मोकळं सोडलं, तर शून्य होईल. मी ते आधीच बांधून घेतलंय."

"गेनाऊ!" बाई म्हणाल्या. म्हणजे बरोब्बर.

म्हाताऱ्याला पोच नाही असं लोकांना वाटलं. वाटू दे. पोरीला श्वास घ्यायला वेळ हवा होता. केक कापताना तिने हळूच विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

"छे, मला खरंच शंका होती."

आता तू ज्याची वाट बघतेयस ते. समजूत घालून तिला इंगोलश्टाटला नवऱ्याजवळ राहायला लावायचं, म्हणून तू मला इकडे धाडलंस. मी तो विषय काढलाच नाही. विद्यापीठाने तिला इथेच बॉनमध्ये पुढचं काम देऊ केलंय. "बाबा, घेऊ का?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "घे. आईंना मी सांगतो." त्यावर उत्कर्ष म्हणाला, "मी इकडे नोकरी बघतो." हे त्याने तुला फोनवर सांगितलेलं नसणार.

दीनानाथ साने उद्या पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती पत्र देतोय. मी आठवड्याने येईन. तेवढ्यात काय रागवायचं ते रागावून घे.

सुनेच्या बाजूने बोललेला, तरीही तुझाच,
पद्माकर