बारावं बटण

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून दुकानात रांग! आणि जो तो जर्सीच्या पाठीवर एकच नाव मागतोय — लंबूचं. लंबू म्हणजे आपल्या संघाने आणलेला नवा स्ट्रायकर. अजून एक सामना खेळला नाही, एक गोल केला नाही, पण त्याच्या नावातली अक्षरं माझ्याकडे संपत आली. दुपारी एकाला म्हटलं, थांब दोन दिवस, नवी अक्षरं येऊ देत. तो म्हणाला, नावातलं एक अक्षर गाळून लावा, पण आजच लावा!

नव्या मालकाने क्लब घेतला काय, चार खेळाडू आणले काय आणि अख्ख्या गावाने गुडघ्याला बाशिंग बांधलं. शेजारचा सलूनवाला वस्तरा हवेत धरून सांगत होता, यंदा कप आपलाच. खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीने मान डोलवत होता. गेल्या वर्षी आपण शेवटून दुसरे आलो, हे दोघांच्याही लक्षात नसावं.

मला आनंद झालाय की नाही, कळत नाही. व्हायला हवा. या पिवळ्या जर्सीत वाढले मी. शिवाय त्या संघाच्या गोलमध्ये माझा धाकटा भाऊ उभा असतो, नऊ हंगाम झाले. लोक त्याला भिंत म्हणतात. गेल्या वर्षी ‘भिंतीला ओल आली’ असंही म्हणत होते. मी ऐकलंय.

३ ऑगस्ट, रविवार

बाबांनी जेवणाच्या टेबलावर संघ मांडला. हंगामाच्या आधी मांडतातच — माझ्या बटणांच्या डब्यातून. कोटाचं मोठं काळं बटण म्हणजे भाऊ. पितळी म्हणजे लंबू. बाकीची रंगीबेरंगी. हंगाम सुरू होईपर्यंत हात लावायचा नाही, त्यामुळे आम्ही तिघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो. पाहुणे आले तर काय सांगायचं!

भाऊ सगळ्यात खूश. "ताई, बघच तू. यंदा हे लोक चेंडू माझ्यापर्यंत येऊच देणार नाहीत." बाबा हसले. बाबा हसले म्हणून मीही हसले.

बाबांच्या शर्टाचं दुसरं बटण गायब आहे. म्हटलं, काढा, लावून देते. नको म्हणाले. टेलरिंगवालीचे वडील आणि छाती उघडी! लोक मला हसतात, त्यांना नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

टेबल पुसताना बटणं मोजली. बारा!

६ ऑगस्ट, बुधवार

बाबांना म्हटलं, अहो, बारा उतरवलेत तुम्ही. काळ्या बटणाच्या मागे एक छोटं पांढरं आहे, ते जास्तीचं झालं. "असू दे," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

सलूनवाल्याला सांगितलं तर तो खो-खो हसला. म्हणाला, एवढे खेळाडू आणल्यावर अकरात कसे मावणार! मग बाबांची नक्कल सुरू केली. "डावीकडे! डावीकडे! वर बघ, वर!" मलाही हसू आलं, काय करणार. आधी बाबा मधल्या स्टँडात उशी घेऊन सभ्य माणसासारखे बसायचे. दोन हंगामांपासून काय भूत शिरलंय देव जाणे. भावाच्या जाळ्यामागे उभे राहतात आणि बेंबीच्या देठापासून ओरडतात. मध्यंतरात बाजू बदलली की हेही मैदानाला वळसा घालून दुसऱ्या जाळ्यामागे हजर! नऊ वर्षं गोलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला चेंडू कुठून येतोय ते हे शिकवणार. डॉक्टरांनी घशासाठी गोळ्या दिल्या, त्या खिशात ठेवून ओरडतात. मी भावाला कितीदा म्हटलं, तूच सांग त्यांना, लोक हसतात. तो म्हणतो, हसू दे ना.

पण हसता हसता एक विचार आला आणि मग गेलाच नाही. सगळे येणारे मोजतायत. जाणारे कोणीच मोजत नाही. चार आले म्हणजे चार जाणार ना? मैदान काही रबराचं नाही. कोण जाणार?

८ ऑगस्ट, शुक्रवार

गोलकीपर कोणी आणलेला नाही. पेपरात चारही नावं पुन्हा वाचली. स्ट्रायकर, दोन मधल्या फळीतले, एक बचावातला. मी उगाच घाबरते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

उगाच नव्हतं.

क्लबचं सामान सांभाळणारे काका नव्या जर्सींचा गठ्ठा घेऊन आले. नावं-नंबर दरवर्षी मीच लावते. काका एकेक नाव सांगत होते, मी बाजूला ठेवत होते. गोलकीपरची हिरवी जर्सी हातात आली तसे काका थांबले. "एक नंबरला नवं नाव आहे," म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी ते सांगितलं. मग म्हणाले, "आपल्या भिंतीला एकवीस."

एकवीस म्हणजे बाकावर. कोणी पडला-झडला तरच आत.

पुढच्या गुरुवारी जाहीर होणार आहे, तोवर कुठे बोलू नकोस, असं दोनदा बजावून गेले. भावाला माहीत आहे का, हे विचारायचं राहिलं. खरं म्हणजे विचारायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी घरी भाऊ शीळ घालत बुटांना पॉलिश करत होता. बाबा बटणं सरळ करत होते. माझं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

१३ ऑगस्ट, बुधवार

काय करून बसले!

सगळ्या पिवळ्या जर्सी झाल्या. मग हिरवी घेतली. एक आकडा लावला. अक्षरं मांडली, प्रेस दाबलं, वर केलं — भावाचं नाव! काकांनी सांगितलेलं नाव डोक्यात होतं, सकाळपासून घोकत होते, पण हातांनी नऊ वर्षांचंच लावलं. एक नंबर म्हटला की हात तिकडेच जातात.

आणि खरं लिहू? इतकं सुबक बसलं होतं की दोन मिनिटं नुसती बघत राहिले. वाटलं, देऊन टाकावी अशीच. मग बघू कोण काय करतं ते!

१४ ऑगस्ट, गुरुवार

चिकटलेली अक्षरं काढायची म्हणजे आतून ऊब द्यायची आणि चिमट्याने हळूहळू सोलायचं. पहिलं अक्षर निघालं, दुसरं अर्धं निघालं, तेवढ्यात दारात भाऊ! डबा विसरले होते, तो द्यायला आला होता. जर्सी लपवायला वेळच मिळाला नाही.

त्याने पाठीवरचं अर्धं नाव बघितलं. मला वाटलं, आता संपलं. तर तो स्टूल ओढून बसला आणि माझ्या हातातला चिमटा घेतला. "असं ओढू नकोस ताई, कापड फाटेल." आणि स्वतःचं नाव स्वतः सोलायला लागला.

मी रडले. मग चिडले. म्हटलं, नऊ वर्षं हाडं मोडून घेतलीस आणि हे असं काढतात तुला? तो म्हणाला, मला कोणी काढलं नाही. मीच प्रशिक्षकांना सांगितलं, गोलकीपर बघा.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सामने संध्याकाळी, मोठ्या दिव्यांखाली. दोन वर्षं झाली, त्या दिव्यांत चेंडू वर उडाला की त्याला दिसेनासा होतो. खाली आला की पुन्हा दिसतो, पण तोवर उशीर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, यापेक्षा बरं होणार नाही. दिवसा ठीक. सरावात कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मग दोन वर्षं खेळलास कसा?"

"कळायचं," म्हणाला आणि पुढच्या अक्षराला लागला.

जाताना म्हणाला, बाबांना डोळ्यांचं बोलू नकोस. त्यांना वाटू दे की नवा जास्त चांगला आहे म्हणून आणला. जिवाला लावून घेतील.

म्हणजे त्याचा आनंद खरा होता? शीळ, पॉलिश, ‘चेंडू येऊच देणार नाहीत’ — सगळं खरं? सुटल्याचा आनंद होता तो? मी आठवडाभर ज्याच्यासाठी झुरत होते, तो तर मोकळा झालाय. मग आता मी कोणासाठी रडायचं? डोकं चालत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

बटणं अजून बाराच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

जाहीर झालं. सलूनमध्ये टाळ्या! सलूनवाला ओरडला, "झालं, आता एकही भोक राहिलं नाही संघात!" मग मी दारात उभी दिसले. वस्तरा खाली ठेवून म्हणाला, तसं नव्हे ताई, भिंत ती भिंतच. खुर्चीतल्याने डोळे मिटून घेतले. त्यांचा राग आला नाही हे विशेष. त्यांना जिंकायचंय. मलाही जिंकायचंय. पण नव्याने पहिल्याच सामन्यात दोन गोल खावेत, असंही मला वाटतं. दोन्ही एकदम वाटतं! असा कसा पाठिंबा?

घरी बाबांना भावानेच सांगितलं. मी स्वयंपाकघरातून कान देऊन. मला वाटलं, बाबा क्लबवर मोर्चा नेतील. बाबांनी टेबलावरचं काळं बटण बोटाने सरळ केलं. मग विचारलं, "पोरगा चांगला आहे का?" भाऊ म्हणाला, खूप चांगला आहे बाबा. "बरं झालं," म्हणाले.

बरं झालं? एवढंच? दोन वर्षं घसा फोडून ओरडणारा माणूस आणि ‘बरं झालं’? मला भावाचं समजत नव्हतं, आता बाबांचंही समजत नाही. या घरात मी एकटीच वेडी आहे की एकटीच शहाणी, तेवढं तरी कोणी सांगावं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आता उलगडा झाला असं वाटतंय. बाराव्या बटणाचा. बाबांना आधीच कुणकुण लागली असणार. गोलमध्ये दोन बटणं — एक भाऊ, एक नवा. दोघांतलं कुठलं उचलायचं, ते त्यांच्याने होईना. म्हणून ‘असू दे’.

विचारावं असं वाटलं. पण बोलता बोलता डोळ्यांचं तोंडातून निघून जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. भाजी करपली ती वेगळीच.

२५ ऑगस्ट, सोमवार

नवा गोलकीपर स्वतः दुकानात आला. जर्सी खांद्यात सैल होते, आत घ्यायची होती. कोवळा आहे, मिशीसुद्धा धड नाही. त्याच्याशी तुटक वागायचं मी ठरवलं होतं. त्याने आत येताच ‘ताई’ म्हटलं आणि सगळा घोटाळा झाला.

जर्सी उलटसुलट करताना त्याला ते दिसलं. कितीही सोललं तरी जुन्या अक्षरांची पुसट खूण राहतेच, उजेडात तिरकं धरलं की वाचता येतं. मी म्हटलं, सॉरी, चुकून लागलं होतं, दुसरी देते. त्याने बोट फिरवून नाव वाचलं. विचारलं, दुसरी द्यायलाच हवी का? लहान असताना तो आमच्या भिंतीचे सामने बघायला यायचा म्हणे.

शिलाई करताना धागा तीनदा तुटला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या पहिला सामना. तिकिटं संपली. सलूनवाल्याने कप ठेवायला फळी रिकामी केली आहे! बटणं बारा.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी टेबल पुसायला गेले तर बटणं अकरा. काळं जागेवरच होतं. त्याच्या मागचं पांढरं तेवढं नाही. डब्यात बघितलं, जमिनीवर बघितलं. मग बाबा चहाला आले. ते त्यांच्या शर्टाला होतं, दुसऱ्या काजाशी. स्वतःच लावलंय, टाके वेडेवाकडे. तरी माझी ट्यूब पेटली नाही!

संध्याकाळी दिवे लागले. भाऊ बाकावर, एकवीस. नवा गोलमध्ये. बाबा माझ्या शेजारी, मधल्या स्टँडात, उशी घेऊन. पहिला कॉर्नर आला, चेंडू उंच उडाला, सगळं स्टँड उठून ओरडलं. बाबा गप्प.

म्हटलं, बाबा, आज जाळ्यामागे नाही गेलात?

"आता तिथे माझं काय काम?" म्हणाले. "या पोराला दिसतं."