दाजींचं वजन

४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे! तुंगार्लीच्या या बंगल्यामागच्या दोन खोल्या आता आमच्या, म्हणजे माझ्या आणि छकुलीच्या. अतुल, माझा नवरा, नवलाख उंबऱ्याला कंपनीत शिफ्टवर असतो, तो सुट्टीला येईल. काम काय, तर मांजर सांभाळायचं. मालकीणबाई वर्षभर परदेशात, घर बंद आणि घरात एक बोका. सासूबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की ठसकाच लागला. हसा म्हटलं. पुण्यात जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

छकुली पाच वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, अजूनही अंग धरत नाही. इथली हवा मानवेल म्हणून तर ही नोकरी धरली. पोरगी जरा बाळसेदार झाली की मला देवाकडे दुसरं काही मागायचं नाही. आल्या आल्या तिने दोन पोळ्या खाल्ल्या.

बोक्याचं नाव ऑस्कर. सोफ्यावर पसरून आमच्याकडे असा बघत होता, जणू सासुरवाडीला आलेला जावई, आणि चहा अजून आला नाही. मी त्याचं नाव दाजी ठेवलं.

७ नोव्हेंबर
दाजी मोठे आहेत. आपलं साधं घरचं मांजर साडेतीन-चार किलोचं, बोका असेल तर पाच. पण दाजी मेन कून जातीचे. त्यांच्यात आठ-नऊ किलो म्हणजे काही विशेष नाही. कानांवर झुपके, शेपूट कुंच्यासारखं.

वरच्या वाडीतल्या सावित्राबाई झाडलोटीला येतात. त्यांनी दाजींना पाहिलं आणि दारातच थबकल्या, ह्ये मांजार हाय व्हय म्हणाल्या. मग काय, मी सुरू झाले. मोठं मांजर वेगळं, लठ्ठ मांजर वेगळं, बरगड्या हाताला लागल्या की समजायचं ठीक आहे. त्या मान डोलावत राहिल्या, पण झाडलं चार हात लांबूनच.

मालकीणबाईंचा मेसेज आलाय, दर आठवड्याला वजन कळवा म्हणून.

१० नोव्हेंबर
आज काय हसलो! दाजी कडेवर टिकत नाहीत, पिशवीत शिरत नाहीत, मग वजन करायचं कसं? मागच्या पडवीत एक मोठा तराजू टांगलेला आहे. पूर्वी इथे कुणा चिक्कीवाल्याचं गोदाम होतं, गुळाच्या ढेपा तोलायला तो. मापं कुठे गेली कोण जाणे, पण साखळ्या आणि परातीएवढी पारडी शाबूत आहेत. मांजराला खोलगट काही दिसलं की झालं. दाजी आपणहून एका पारड्यात जाऊन बसले.

समोर काय ठेवणार? मला सुचलं, छकुली! तिचं वजन अंगणवाडीत नुकतंच केलेलं, चौदा किलो. सावित्राबाईंनी तिला उचलून समोर बसवलं. दाजींच्या बाजूला पाच किलो आट्याची पिशवी टाकली आणि काटा सरळ. म्हणजे दाजी नऊ किलो. आहे की नाही डोकं? छकुली टाळ्या पिटत होती आणि दाजी टक लावून तिच्याकडे बघत होते. फोटो काढून मालकीणबाईंना पाठवला.

१७ नोव्हेंबर
पुन्हा तोच खेळ मांडला. आट्याची पिशवी टाकली तर दाजींचं पारडं धाडकन खाली. पिशवी काढली तर काटा सरळ. आठवड्यात पाच किलो वाढायला हे काय डुक्कर आहे? साखळ्या गंजल्या असतील. मालकीणबाईंना तराजू बिघडल्याचं कळवलं आणि साखळ्यांना तेल दिलं.

छकुली खातेय, पण अंगाला लागत नाही. फ्रॉक खांद्यावरून घसरतोय.

१९ नोव्हेंबर
छकुलीला डॉक्टरांकडे नेलं. काट्यावर साडेअकरा! जंताचं औषध दिलं, रक्त तपासायला सांगितलं. परत येताना रिक्षात डोक्यात हिशेब सुरू झाला. परवा दोन्ही पारडी सारखी होती. छकुली साडेअकरा, तर दाजीही साडेअकरा. हिचे अडीच गेले, त्याचे अडीच वाढले.

योगायोग. शिकलेली बाई मी, असलं काहीतरी डोक्यात आणायचं म्हणजे कमालच. तरी घरी आल्यावर दाजींच्या वाटीत आज निम्मंच घातलं. ते वाटीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. चार दिवस फिरकले नाहीत, हे आत्ता लक्षात येतंय.

२४ नोव्हेंबर
दाजींच्या बरगड्या हाताला लागतात. चरबी नाही. हाडंच मोठी झालीत.

शेवटी सावित्राबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी झाडू खाली ठेवला. वाडीत पोराचा नवस कसा फेडतात ते सांगायला लागल्या. मलाही ठाऊक आहे, आमच्याकडेही पोराची गुळाने तुला करतात. पण असा विचार मी केला नव्हता.

“ताई, आमी पोराला आदी बशिवतो, मंग समोर गूळ. ज्याची तुला, त्यो घरी येतो. समोरचं देवाचं. त्या दिशी आदी कोन बसलं?”

दाजी बसले. आधी दाजी बसले होते. मग गूळ कोण, ते माझ्याने लिहवत नाही.

सावित्राबाईंनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. म्यांच बशिवलं तिला, म्यांच, असं रडत राहिल्या. मी त्यांचे हात धरले. कल्पना माझी होती.

२६ नोव्हेंबर
उलट करून बघितलं. छकुलीला आधी बसवलं आणि दाजींसाठी समोरच्या पारड्यात मासे ठेवले. त्यांनी खालूनच पंजा लांबवून मासे ओढून बाहेर टाकले, खाल्ले नाहीत. उचलायला गेले तर माझ्या दोन्ही हातांना आवरेनात. पारड्यात मात्र चढले नाहीत. सगळं कळतंय त्याला.

सावित्राबाईंनी छकुलीच्या वजनाइतका गूळ वाडीतल्या वाघोबा देवाच्या दगडापुढे नेऊन ठेवला. त्याला मुंगीसुद्धा लागली नाही.

२८ नोव्हेंबर
तळेगावचा दवाखाना. अतुल आला, पोरीला बघून भिंतीला टेकला. सगळे रिपोर्ट चांगले. सलाईन चालू आहे आणि वजन उतरतंय — नऊ. म्हणजे बोक्यापासून लांब येऊनही उपयोग नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, मुलीला जेवायला घालता ना? मी घालते हो. मी माझं काळीज काढून घालीन.

अतुलला तराजूचं सांगितलं. कोमल, तू झोप जरा, म्हणाला.

१ डिसेंबर
अतुल शिफ्टला गेला तशी छकुलीला उचलून परत आले. एका हाताने उचलली. सात किलोही नसेल. मान धरत नाही. भूक लागली म्हणते, घास भरवला की गिळते, आणि पुन्हा भूक लागली म्हणते.

तो पडवीत बसलाय. शेजारच्यांचा अल्सेशियन त्याला बघून गाडीखाली शिरला. आता त्याला दाजी म्हणवत नाही.

३ डिसेंबर
चार किलो. मांजराएवढी झाली माझी पोर. साध्या मांजराएवढी.

काय करू? कुणाचे पाय धरू? घ्यायचंच होतं तर —

थांब. तो आधी बसायला तयार असतो. त्याला तेवढंच हवं असतं. आणि समोर —

४ डिसेंबर
केलं.

तो एका उडीत पारड्यात बसला, जणू वाटच बघत होता. समोर मी. सावित्राबाई नको नको करत होत्या. मी म्हटलं, मावशी, छकुलीच्या जागी मी जाते, तुम्ही फक्त काटा सरळ करा. त्याच्या बाजूला पाटा टाकला, वरवंटा टाकला, अंगणातले धोंडे टाकले. त्या रडत होत्या आणि टाकत होत्या. काटा सरळ झाला. तो गुरगुरायला लागला, मांजरं सुखात गुरगुरतात तसा. ते माझ्या दातांत जाणवलं.

५ डिसेंबर
छकुलीने मऊ भात खाल्ला. वाटीभर! पुन्हा मागितला!

६ डिसेंबर
बसली. उभी राहिली. गालाला हात लावला, भरलाय. मी इतकी रडले की ती घाबरली. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात आता. सरकू देत.

८ डिसेंबर
छकुली अंगणात धावली. मी दारात उभी राहून बघत होते, वाऱ्याने दार लागलं आणि मी दारासकट मागे. अंगात काही उरलं नाही. सावित्राबाई येत नाहीत. अतुलचा फोन — मी बोलतेय, बोलतेय, तो नुसता हॅलो हॅलो. उद्या येतो म्हणाला. स्वतःशीच म्हणाला.

बोका सोफ्यावर मावत नाही. मागच्या पायांवर बसतो. माणसासारखा.

९ डिसेंबर
पेन जड आहे —

सकाळी छकुली पलंगापाशी आली. आई कुठंय, म्हणाली. अगं ही काय, इथे. चादरीवरून हात फिरवला तिने. माझ्यावरून. तिला काही लागलं नाही —

हाक मारते. ऐकू जात नाही तिला —

पडवीतून हाक आली. छकुले, ये गं सोनू. माझाच आवाज. मी तशीच म्हणते, सोनू —

धावली ती. आई म्हणून धावली. त्याच्या मांडीवर — तो तिचे केस चाटतोय आणि ती हसतेय — गेट वाजलं, अतुल आला, अतुल बघ, अतुल त्याच्याकडे बघून म्हणतोय, कोमल, तब्येत सुधारली की तुझी —

छकुली, ती मी नाही, ती मी ना