जत्रांचं कॅलेंडर

२ एप्रिल
पुण्याहून मेल. एरिया मॅनेजर हे पदच रद्द. "मधले थर कमी करत आहोत." डेअरीत एकवीस वर्षं घासली, आज कळलं की मी थर होतो. एक तर सुपरवायझर होऊन खाली या, नाहीतर राजीनामा. काय ते कळवायच्या फॉर्मची मुदत २५. सौ.ला अजून बोललो नाही.

५ एप्रिल
खंडाळ्याच्या (सातारा) प्लँटवर मीटिंग. मोठे साहेब सुपरवायझर पोपटच्या शेजारी बसले. "पोपटराव, तुमचं मत काय?" पोपटराव! जतहून आला तेव्हा दुधाचं फॅट मोजायचं मशीन चालू कसं करायचं ते मी दाखवलं याला. आता सातारा-सांगलीत कुणाचंही अडलं की फोन त्यालाच. माझा दिवसभर गप्प. जळतो मी. इथं तरी खरं लिहावं.

८ एप्रिल
रजा आता ॲपवर, मंजुरी थेट पुण्याची. पोपट धरून चौघा सुपरवायझरांनी १९ ची मागितली, चारही मंजूर. त्या दिवशी चार गावांच्या जत्रा, पुण्याला काय पत्ता! दरवर्षी मी सगळ्या जत्रा कॅलेंडरवर मांडायचो, रजा वाटून द्यायचो, दूध कुठं अडायचं नाही. ते कॅलेंडर आता घरी, स्वयंपाकघरात.
सांगावं का? पण मला विचारलंय कुणी?

१४ एप्रिल
पोपटचा फोन. क्षणभर बरं वाटलं.
"साहेब, तुमचं ते जत्रांचं कॅलेंडर कुटं हाय वो?"
म्हटलं, रद्दीत गेलं. समोर भिंतीवर होतं. सौ.नं कॅलेंडरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तिला फॉर्मचंही सांगून टाकलं.

१९ एप्रिल
सकाळीच ग्रुपवर फोटो. चार दूध संकलन सेंटरना कुलूप, लोक किटल्या घेऊन उन्हात. दूध नासलं. बरी जिरली म्हटलं, दुसरा चहा मागितला.
दुपारी कळलं, पोपट रजा सोडून आला. चारही सेंटर एकट्यानं उघडली, एकामागून एक.

२० एप्रिल
पोपट सांगलीत, आमच्या विश्रामबागेतल्या घरी. हातात डबा, जत्रेचं मटण. "बायकुनं तुमचा वाटा काडून ठेवलाय. दरसाल जेवता न्हवं आमच्यात." आत पाणी प्यायला गेला, भिंतीपाशी थांबला.
"माज्या गावाला लाल पेन मारलंय तुमी."
मारलंय. त्या दिवशी त्याचं सेंटर मी स्वतः बघायचो, तो पालखीला जायचा.
"यंदा खांदा न्हाई लागला माजा. पयल्यांदाच."
एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना चपला घालत म्हणाला, "फॉर्म भरला का साहेब? या की आमच्यात."

२४ एप्रिल
उद्या मुदत. फॉर्म कोराच. कॅलेंडर काढलं, घडी घातली, परत टांगलं. पोपटला दोनदा फोन लावला, रिंग जायच्या आत कट केला.
डबा धुऊन ओट्यावर पडलाय चार दिवस. सौ. म्हणते, रिकामा परत देऊ नये, काय घालू सांगा.
म्हटलं, थांब जरा.